दोघंही एक नंबर : प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

सकाळी साडेपाचला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलची सातवी मॅच. पहिल्याच क्वार्टरमधे पेसर्सच्या हॅलिबर्टनचा पाय गेला, टाचेचा अकिलीस, तो जमिनीवर हात आपटत होता तेव्हा मी चहा तसाच ठेवला. मला वाटलं संपलं, आता पेसर्स वीसनं हरतील. पण हाफटाइमला पेसर्सच एका पॉइंटनं पुढे! शेवटी ओकेसीनं (ओक्लाहोमा सिटी) १०३-९१ नं नेली ते सोडा, पण मधल्या वेळात नेमहार्ड आणि मॅकोनेल बॉल वर आणून राहिले होते आणि टीम विस्कटली नाही. कारण नेमहार्डसाठी ते नवीन नव्हतंच, सगळा सीझन तो हॅलिबर्टनच्या शेजारी खेळत होता, अर्धा वेळ बॉल तोच आणायचा.

तिथून डोक्यात किडा शिरला. नागपुरातल्या आमच्या क्लबकडे दोन पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा, एक नंबरची पोझिशन) आहेत आणि सर दोन वर्षांपासून एकाला बसवून दुसऱ्याला खेळवतात. चार नंबर, वय ३१, बँकेत आहे, डोकं शांत. अकरा नंबर, वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, पायात स्प्रिंग. दोघंही एक नंबर आहेत, पोझिशननं पण आणि तसे पण. नोव्हेंबरमधे लीग आहे. तोवर दर रविवारी इथं लिहीन : प्रोफेशनल टीम्सनी दोन पीजी (पॉइंट गार्ड) एकत्र खेळवले तेव्हा काय झालं, आणि त्यातलं आमच्या कोर्टावर काय चालतं. माझं टीममधलं पद म्हणाल तर गुडघा गेलेला माजी खेळाडू, स्कोअरशीट लिहिणारा.

घरून शेरा आला आहे की पहाटे पाचला मॅचसाठी उठणाऱ्या माणसाला दुधासाठी सातला जाग येत नाही. नोंद घेतली.

२९ जून

यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. पॉइंट गार्ड म्हणायचं कोणाला? हार्डन पॉइंट गार्ड आहे का? डोनोव्हन मिचेल? चार नंबरसोबत बर्डीवर तर्री पोहे खाता खाता याच्यावर पाऊण तास गेला, तो म्हणे दादा, पोझिशन सोडा, ज्याच्याकडे टीम अडचणीत बॉल देते तो पीजी. चांगली व्याख्या आहे, तीच घेतली. म्हणजे माझी जोडी अशी : दोघंही आपापल्या टीमचे मालक राहू शकले असते, पण एकत्र टाकले.

या हिशेबानं हे काही आजचं खूळ नाहीच. न्यूयॉर्क निक्सनी १९७१ मधे वॉल्ट फ्रेझरच्या शेजारी अर्ल मन्रो आणला तेव्हा लोक हेच म्हणत होते की बॉल एकच आहे. १९७३ ला ते चॅम्पियन झाले. डेट्रॉइटचे आयझाया थॉमस आणि जो ड्युमार्स, १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन, आणि फायनलचा एमव्हीपी पहिल्या वर्षी ड्युमार्स, दुसऱ्या वर्षी थॉमस. वाटून घेतल्यासारखं.

जाता जाता : बोस्टननं ज्रू हॉलिडेला पोर्टलंडला पाठवायचं ठरवलं म्हणे. २०२३ मधे लिलार्डच्या ट्रेडमधे हाच माणूस चार दिवस पोर्टलंडच्या नावावर होता. जग गोल आहे.

६ जुलै

आज फिनिक्स सन्स, २०१३-१४. माझ्या यादीतली सगळ्यात आवडती आणि सगळ्यात दुःखाची गोष्ट, म्हणून लांब लिहितो.

आदल्या सीझनला २५-५७ (२५ जिंकल्या, ५७ हरल्या). नवीन कोच जेफ हॉर्नासेक. क्लिपर्सकडून एरिक ब्लेडसो आणला, जो तिथं ख्रिस पॉलच्या मागे बेंचवर बसायचा, आणि इथं आधीच गोरान ड्रागिच होता. सगळे म्हणत होते ही टीम तळाला जाईल. ती गेली ४८-३४ वर. प्लेऑफ हुकला, कारण वेस्ट (लीगचा पश्चिम गट, त्यातले पहिले आठच पुढे) तेव्हा वेडी होती, डॅलस ४९ जिंकून आठवे. तेवढ्याच ४८ वर ईस्टमधे टोरांटो तिसरी आली होती. नशीब बघा.

मला खोदायचं होतं की का चाललं. जुन्या क्लिप्स काढून काढून पाहिल्या. पहिली गोष्ट जी दिसते ती म्हणजे वेग, रिबाउंड दोघांपैकी ज्याच्या जवळ पडेल तो घेऊन पळतो, दुसऱ्याला बॉल शोधत परत यावं लागत नाही, म्हणजे समोरच्यांचा डिफेन्स कोणाला अडवायचं हेच ठरवत राहतो. दुसरी गोष्ट, चॅनिंग फ्राय. उंच माणूस, पण थ्रीच्या (तीन पॉइंटच्या) रेषेबाहेर उभा. पी. जे. टकर कॉर्नरमधे. त्यामुळे आत मोकळं मैदान आणि पहिल्या गार्डनं एका बाजूला पिक अँड रोल (सोबत्याच्या आडोशानं घुसणं) खेळून बॉल फिरवला की दुसरा गार्ड हललेल्या डिफेन्सवर दुसऱ्यांदा घुसतो. एकदा हलवायचं, मग दुसऱ्या बाजूनं परत. एकच पीजी असला की हा दुसरा धक्का मारणारा कोणी राहत नाही, तिथं फॉरवर्ड बॉल पकडून इकडे तिकडे बघतो. (आमच्याकडे तर आकाशाकडे बघतो.)

आणि ड्रागिच शूटर पण होता, त्या वर्षी थ्री ४० टक्क्यांच्या वर. म्हणून बॉल ब्लेडसोकडे असतानाही त्याला सोडून हेल्पला जाता यायचं नाही. मोस्ट इम्प्रूव्हड प्लेअर तोच झाला. ब्लेडसो गुडघ्यामुळे ४३ च मॅच खेळला हे लक्षात घेतलं तर अजून हळहळ वाटते.

मग शहाणपणा सुचला. दोन चालले तर तीन अजून चालतील. २०१४ च्या उन्हाळ्यात आयझाया थॉमस (डेट्रॉइटवाला नव्हे, छोटा, पाच फूट नऊवाला) आणला. तिघांमधे ड्रागिचच्या हातात बॉल येईना, तो चिडला, आणि फेब्रुवारी २०१५ मधे एकाच दिवशी ड्रागिच मायामीला आणि थॉमस बोस्टनला. सीझन ३९-४३.

भाजीत तिखट छान लागलं म्हणून वाटीभर ओतायचं नसतं हे सावजी खाणाऱ्या नागपूरकराला सांगावं लागू नये, पण त्यांना सांगणारा कोणी नव्हता.

१३ जुलै

न जमलेली जोडी. अटलांटा हॉक्स, ट्रे यंग आणि डिजॉन्टे मरे. २०२२ मधे सॅन अँटोनियोला तीन फर्स्ट राउंड पिक्स (नवीन खेळाडू निवडायचे हक्क) देऊन मरेला घेतलं. त्याच्या आधीच्या सीझनला यंगचे मॅचमागे ९.७ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली ते पास), मरेचे ९.२. कागदावर बेरीज १८.९. एकत्र आल्यावर यंग १०.२, मरे ६.१. टीम ४१-४१, पुढच्या वर्षी ३६-४६, आणि २०२४ मधे मरे न्यू ऑर्लिन्सला.

यात वाईट कोणीच खेळलं नाही ही गंमत आहे. मरेला पॉइंट होते वीसच्या वर. पण क्लिप्स पाहताना माझं लक्ष सारखं यंगकडे जात होतं, म्हणजे बॉल मरेकडे असतानाच्या यंगकडे. लोगोजवळ उभा. कमरेवर हात. समोरचा डिफेंडर पण त्याच्याजवळ आरामात. एवढा भारी शूटर, पण बॉल नसताना तो धावतच नाही.

माझ्या शीटमधे असिस्ट, टर्नओव्हर (हातचा बॉल गमावणं), पॉइंट असे कॉलम आहेत. या कमरेवरच्या हाताला कॉलम नाही. विचार करायला पाहिजे.

१५ जुलै

पाऊस. कोर्टवर पाणी. अकरा नंबर तरी येऊन शेडमधे ड्रिबल करत बसला.

२० जुलै

पहिला प्रयोग. सरांना खूप मस्का लावून वीस मिनिटं मागितली. दहा मिनिटं नेहमीसारखा एक पीजी, दहा मिनिटं दोघं. मोबाइल गॅलरीच्या रेलिंगला सेलोटेपनं बांधला.

एक असताना टर्नओव्हर ४. दोघं असताना ७!

सर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसले, ते जास्त लागलं. नंतर म्हणाले, "अरे एका म्यानात दोन तलवारी ठेवून राहिला तू." मी म्हटलं सर, दोन म्यानं शोधून राहिलो. शब्दाला शब्द दिला खरा, पण रस्ता काही सुचत नव्हता.

रात्री व्हिडिओ पाहिला. सातपैकी चार टर्नओव्हर असे की चार नंबरनं पास दिला आणि अकरा नंबर लगेच बॉल परत मागायला त्याच्याच अंगावर धावत आला, सोबत आपला डिफेंडर घेऊन. दोघांनी मिळून स्वतःलाच ट्रॅप लावला. बॉल हातात नसला की पोराला बहुतेक श्वास घेता येत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज गणित. ह्यूस्टन रॉकेट्स २०१७-१८, हार्डन आणि ख्रिस पॉल, ६५-१७. त्या वेळी सगळे म्हणायचे की कोच डी'अँटोनीनं दोघांना आलटून पालटून ठेवलं म्हणून चाललं, कोर्टवर एक जण कायम असतोच. खरं आहे, पण हिशोब करून बघा. मॅच ४८ मिनिटांची. दोघं समजा ३४-३४ मिनिटं खेळले तर बेरीज ६८. ६८ वजा ४८, म्हणजे कमीत कमी २० मिनिटं दोघं एकत्र असणारच, तुम्ही कितीही आलटा पालटा. आपल्याकडे मॅच ४० ची, दोघांना २८-२८ दिले तर १६ मिनिटं एकत्र. म्हणजे "एकत्र जमतं का" हा प्रश्न टाळता येत नाही, फक्त छोटा करता येतो. सरांना हे कागदावर काढून दाखवलं. दोघांना २०-२० दिले तर शून्य, आणि दोन वर्षांपासून आपण तेच करतोय, म्हणजे आपला दुसरा सगळ्यात चांगला खेळाडू कायम बेंचवर. सर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले.

रॉकेट्सचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. वॉरियर्सविरुद्ध ३-२ नं पुढे, पाचव्या मॅचमधे पॉलचा हॅमस्ट्रिंग गेला, सातव्यात लागोपाठ २७ थ्री चुकले. दोन पीजी ठेवायचा हाही एक अर्थ असतो, एकाचा पाय गेला तर दुसरा असतो, पण तोवर सगळी मशीन दोघांवर चालायची सवय लागलेली असते.

टोरांटो २०१९ वेगळं. लोवरी आणि व्हॅनव्लीट, दोघंही जेमतेम सहा फूट. फायनलच्या सहाव्या मॅचला टीमचे पहिले ११ पॉइंट एकट्या लोवरीचे, आणि चौथ्या क्वार्टरमधे व्हॅनव्लीटचे १२. मधल्या वेळात? मधल्या वेळात दोघं वॉरियर्सच्या करीच्या मागे धावत होते, चार्ज घेत होते, कॉर्नरमधे उभे होते. ही क्लिप मी अकरा नंबरला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "काका भारी." काका! चार नंबरला दादा म्हणतो आणि मला काका.

२३ ऑगस्ट

मारबत (इडापिडा शहराबाहेर न्यायची नागपूरची मिरवणूक). प्रॅक्टिस नाही, महाल भागात पाय ठेवायला जागा नाही. "टर्नओव्हर घेऊन जा गे मारबत" असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं.

३१ ऑगस्ट

शेजारच्या जिल्ह्यातली एक टीम फ्रेंडली खेळायला आली. आज दोघांना एकत्र पूर्ण दुसरा क्वार्टर दिला सरांनी, स्वतःहून. अटॅक ठीक. डिफेन्समधे धुलाई.

त्यांच्या एका सहा फूट दोनच्या पोरानं पाहिलं की आपल्याला अकरा नंबर (पाच नऊ) धरून राहिला, आणि सरळ पोस्टमधे (बास्केटजवळ) जाऊन पाठ लावली. चार वेळा बॉल, तीन बास्केट, एक फाउल. मी शीटवर लिहीत होतो आणि माझाच हात थरथरत होता, कारण हेच मी दोन महिने टाळत होतो, सगळं लक्ष बॉल कोणाकडे यावर.

पोर्टलंडचं दुखणं तेच होतं. लिलार्ड सहा दोन, मॅककॉलम सहा तीन, २०१३ ते २०२२ सोबत, अटॅक असा की डोळे निवतात. २०१९ ला वेस्टच्या फायनलपर्यंत गेले, तिथं वॉरियर्सनी ४-० नं धुतलं. बाकी कारणं होती, पण दोन लहान गार्ड एकत्र असले की समोरचा दर वेळी लहान माणूस शोधणार आणि तो त्याला दर वेळी सापडणार. याच्या उलट बोस्टन २०२४ : हॉलिडे आणि डेरिक व्हाइट, दोघंही आधी कुठं ना कुठं बॉल चालवलेले, दोघंही त्या वर्षी ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममधे. ६४ मॅच जिंकल्या, टायटल घेतलं. तिथं शोधायला लहान माणूसच नव्हता.

आता आमचे दोघं रात्रीतून सहा चारचे होणार नाहीत. मग काय?

रात्री एक वाजता सुचलेलं : पेसर्सनी प्लेऑफमधे जे केलं ते. पूर्ण कोर्टभर पकडायचं. लहान माणूस बॉल चोरेल म्हणून हे करायचं नाहीये, वेळ खायला करायचं. हाफ ओलांडायला ८ सेकंद, पूर्ण पझेशन (एका वेळचा बॉलचा ताबा) २४. आपल्या दोघांनी त्यांच्या गार्डला नाचवत नाचवत ७ सेकंद खाल्ले तर उरले १७. मग तो सहा दोनवाला पोस्टमधे पोचणार, जागा धरणार, पास येणार, तोवर घड्याळात सात-आठ. तिथं बेसलाइनकडून हेल्प पाठवायची. उंची वाढत नाही पण त्यांचा वेळ कमी होतो. फुफ्फुसं लागतील. चार नंबरच्या फुफ्फुसांचं वय ३१ आहे.

१४ सप्टेंबर

जुनी शीट फेकली. नवीन शीटमधे एकच मुख्य कॉलम : दोघांपैकी ज्याच्याकडे बॉल नाही त्यानं पास दिल्यानंतर, किंवा दुसरा बॉल घेऊन येत असताना, पुढचे तीन सेकंद पायांनी काय केलं. चार खुणा. उभा. कट मारला. स्क्रीन लावला (सोबत्यासाठी डिफेंडरला आड आला). कॉर्नरला सरकला. पाचवी खूण मागाहून वाढवली, "बॉल मागायला आला", फक्त अकरा नंबरसाठी.

आज ३८ पझेशन मोजले. उभा २२. बॉल मागायला आला ७. कट ४, कॉर्नर ४, स्क्रीन १. तो एक स्क्रीन पण चुकून लागला होता, आपटले एकमेकांवर.

आणि ही गंमत बघा, कट मारला किंवा कॉर्नरला गेला त्या आठांपैकी पाचात आपले पॉइंट आले. आठ म्हणजे काहीच नाही, सिद्ध वगैरे काही होत नाही, कळतं मला. पण दोघांना बोलावून नुसता तो एक आकडा दाखवला, बावीस. चार नंबर चकित झाला. त्याला वाटत होतं उभा राहतो तो फक्त पोरगा. बावीसपैकी तेरा त्याचे होते.

"दादा, मी स्पेसिंग, म्हणजे मोकळी जागा, देऊन राहिलो होतो नं."

मी म्हटलं, तू सर्कलच्या वर, बॉलपासून दोन मीटरवर उभा आहे. ही कसली स्पेसिंग बे, हा तर मोर्चा आहे. हॉलिडेनं बोस्टनला हेच तर केलं, ऑल-स्टार खेळलेला माणूस, जाऊन कॉर्नरमधे उभा राहिला आणि त्या सीझनला थ्री जवळपास ४३ टक्क्यांनी मारले. कॉर्नरमधे उभं राहणं आणि कुठंही उभं राहणं यात फरक आहे, कॉर्नरवाल्याला सोडून हेल्पला गेलं की परत यायला सगळ्यात लांब पडतं.

तो गप्प झाला. जरा जास्तच बोललो का मी?

२३ सप्टेंबर

बातमी, व्हॅनव्लीटचा (टोरांटोनंतर तो रॉकेट्सकडे) गुडघ्यातला एसीएल गेला, सीझन सुरू व्हायच्या आधीच. रॉकेट्सनी ड्युरंट आणून सगळी मांडणी केली होती. आता अमेन थॉम्पसन वगैरे पोरांना बॉल वर आणावा लागेल. दुसरा पीजी असणं चैन वाटते ती अशा दिवसापर्यंत.

चार नंबर दोन प्रॅक्टिसला आला नाही. बँकेत काम आहे म्हणे.

५ ऑक्टोबर

दसरा झाला, दीक्षाभूमीची गर्दी ओसरली, रस्ते मोकळे, सगळे वेळेवर आले. चार नंबर पण. आला तो सरळ कॉर्नरमधे जाऊन एकटाच थ्री मारत बसला, पन्नास डावीकडून, पन्नास उजवीकडून, माझ्याकडे न बघता. मी पण काही बोललो नाही, बॉल उचलून देत राहिलो.

नवीन नियम दोनच ठेवले, कारण तीन ठेवले तर अकरा नंबर तिसरा विसरतो. एक, रिबाउंड ज्याच्या जवळ बॉल त्याचा, दुसऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही, सरळ समोरच्या कॉर्नरला पळायचं. दोन, पास दिला की बॉलकडे यायचं नाही. दुसरीकडे कुठंही जा, लागलं तर चहा घेऊन ये.

४१ पझेशन. उभा ११. बॉल मागायला आला २ (दुसऱ्यांदा येताना पोरगा अर्ध्यातून स्वतःच वळला, मग सगळे हसले). कॉर्नर १५, कट ९, स्क्रीन ४. टर्नओव्हर ५.

एक पझेशन तर मी परत परत पाहतोय. चार नंबरनं एका बाजूला पिक अँड रोल खेळला, डिफेन्स आत गोळा झाला, बॉल फिरून समोरच्या कॉर्नरला अकरा नंबरकडे, त्याचा डिफेंडर धावत आला, पोरगा त्याच्या बाजूनं आत घुसला, डिफेन्स परत हलला, आणि बॉल पुन्हा बाहेर, चार नंबर तोवर दुसऱ्या कॉर्नरला पोचलेला. थ्री. गेला नाही, रिंगला लागून बाहेर आला. तरी सरांनी टाळी वाजवली. सर लेअप गेला तरी टाळी वाजवत नाहीत.

पूर्ण कोर्टची पकड मात्र दोन क्वार्टरच टिकली. तिसऱ्यात चार नंबर गुडघ्यावर हात ठेवून उभा. त्याला दोष नाही. ही पकड फक्त दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या पहिल्या चार-चार मिनिटांत ठेवू.

१२ ऑक्टोबर

पोराशी वेगळं बोललो. त्याचा प्रश्न सरळ होता, "काका, पण मंग शेवटच्या मिनिटाला बॉल कोणाकडे?" हा खरा प्रश्न आहे आणि माझ्या शीटमधे त्याचं उत्तर नाही. २००९ मधे वॉरियर्सनी करीला ड्राफ्ट केलं (नवीन खेळाडू म्हणून निवडलं) तेव्हा माँटा एलिसनं मीडियासमोर सांगून टाकलं होतं की आम्ही दोघं सोबत नाही खेळू शकत. आधी त्याची टीम होती, त्याला दिसत होतं की हा प्रश्न येणार. मार्च २०१२ मधे एलिस मिलवॉकीला गेला. डॅलसमधे लुका आणि कायरीनं उलट केलं, शेवटी बॉल बहुतेक लुकाकडे हे सगळ्यांना माहीत, कायरीला त्याचा त्रास दिसला नाही, २०२४ च्या फायनलपर्यंत गेले. कायरीला आधी एक रिंग (टायटल) मिळालेली होती, म्हणून असेल. भरल्या पोटी वाटून खाता येतं.

मी पोराला म्हटलं, शेवटच्या मिनिटाला चार नंबरकडे. या वर्षी. त्यानं मान हलवली. पटलं असं नाही वाटलं.

१९ ऑक्टोबर

उद्या-परवा दिवाळी, आज शेवटची प्रॅक्टिस, कोर्टवर आठच जण. सरांना एक पान लिहून दिलं : दोघांना २८-२८ मिनिटं, १६ एकत्र. सुरुवात दोघांनी. पहिला क्वार्टर पाच मिनिटं झाला की अकरा नंबर बाहेर, दुसऱ्यात तो आधी येतो. समोर उंच गार्ड असतील तर झोन (माणूस नाही, जागा राखायची). चौथा क्वार्टर दोघं. शेवटचं मिनिट चार नंबर.

सरांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, खिशातला पेन काढला, १६ खोडून १२ केलं, आणि पान घडी करून खिशात टाकलं.

बारा तर बारा. मागच्या वर्षी शून्य होते.

शीटमधे कॉलमच्या वर तारीख टाकून ठेवली आहे, लीगची पहिली मॅच. फोनसाठी यावेळी सेलोटेप नको, स्टँड घ्यायचा आहे, बर्डीला बघतो.